डोळ्यामागची गळती

नळकाकांचं खरं नाव विचारलं, तर त्या चार इमारतींतल्या निम्म्या बायकांना सांगता आलं नसतं. सगळ्यांच्या फोनमध्ये ते नळकाकाच. खुद्द त्यांच्या बायकोच्या फोनमध्येही तेच होतं, कारण तिच्या नव्या फोनमध्ये नंबर भरून दिले होते शेजारणीने, आणि काकूंनी ते बदलायची तसदी घेतली नव्हती. म्हणायच्या, "नवरा म्हणून फोन केला तर उचलत नाहीत. नळकाका म्हणून केला की लगेच येतात."

नळ बसवणारे, टाकी साफ करणारे त्या भागात आणखीही होते. नळकाकांना मान होता तो कानामुळे. भिंतीच्या आत गाडलेला पाइप कुठे गळतो हे ते ऐकून सांगायचे. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक पोलादी सळई होती, तिच्या एका टोकाला त्यांनीच घासून बसवलेलं लाकडी बोंड. बोंड कानात घट्ट बसवायचं, दुसरं टोक भिंतीला टेकवायचं आणि डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात घरात पंखा बंद, फ्रिज बंद, बोलणं बंद. घरातली माणसं श्वास धरून उभी राहायची. काका सळई चार बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवायचे आणि मग खडूने फुली मारायचे. "इथे." टाइल फोडली की मागे ओला पाइप असायचाच. सव्वीस वर्षांत चुकीची एक टाइल त्यांनी फोडली नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, कारण त्यांच्या आधी दुसरंच कुणीतरी सांगून मोकळं व्हायचं.

तर अशा माणसाने एका सकाळी मास्तरीणबाईंच्या न्हाणीघरात दोन भिंती फोडल्या, आणि दोन्ही कोरड्या निघाल्या.

मास्तरीणबाई एकट्या राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. न्हाणीघराच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसत होती म्हणून त्यांनी काकांना बोलावलं होतं. काकांनी सळई लावली आणि त्यांना स्पष्ट ऐकू आलं. हुश्श... हुश्श... हुश्श. त्यांना थोडं नवल वाटलं. गळणारा पाइप एकसुरी बोलतो, सूंऽऽ करून, बारीक किंवा मोठ्याने, पण सलग. हा थांबून थांबून बोलत होता. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "बाई, वर कुणाचा पंप चालू आहे का?"

"वर गच्ची आहे."

"मग खाली?"

"खाली माणसं राहतात, पण पंप नाही."

काकांनी सळई सरकवली. आवाज तेवढाच. आणखी सरकवली, तरी तेवढाच. खरं तर इथेच त्यांनी थांबायला हवं होतं. गळती जवळ आली की आवाज वाढतो आणि लांब गेलं की कमी होतो, हे त्यांनीच लोकांना शिकवलेलं. पण कानात आवाज वाजत असताना भिंत कोरडी आहे असं मानायला मन तयार होत नव्हतं. त्यांनी अंदाजाने फुली मारली, छिन्नी-हातोडी घेतली आणि सहा टाइल काढल्या. आत पाइप कोरडा ठणठणीत. मग समोरच्या भिंतीवर दुसरी फुली. पुन्हा तेच.

मास्तरीणबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, आता तिसऱ्या भिंतीकडे वळायचं, की आधी उत्तर तपासून बघायचं?"

ओल बाहेरच्या गिलाव्याच्या भेगेतून येत होती. टाइल पुन्हा लावून द्यायचं कबूल करून काका खाली मान घालून घरी आले.

घरी आल्यावरही हुश्श चालूच होतं. आता त्यांना ते स्वयंपाकघराच्या भिंतीतून येतंय असं वाटलं. त्यांनी घरातला कॉक बंद केला. आवाज चालू. जिन्याखाली जाऊन इमारतीचा मेन कॉक बंद केला. पाच मिनिटांत तळमजल्यावरची बाई साबणाने भरलेले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली, पण आवाज चालूच. मीटरचा काटा ढिम्म.

"अहो, काटा हलत नाहीये," काकू म्हणाल्या. "पाणीच नाही तर गळेल काय?"

"तूच ऐक." त्यांनी सळई बायकोच्या हातात दिली.

काकूंनी ऐकलं. बोंड काढून पदराने पुसलं आणि पुन्हा ऐकलं. "शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतोय. भांडताहेत कुठल्यातरी दोघीजणी."

सव्वीस वर्षांचा कान, आणि तोच फितूर झाला तर पुढे करायचं काय? पण घाबरणं आणि कुतूहल ही दोन्ही त्यांच्यात शेजारीशेजारी राहायची, आणि बहुतेक वेळा कुतूहल आधी दार उघडायचं. ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. बाहेरचा आवाज असता तर कमी झाला असता. हा चक्क वाढला. मग त्यांच्या लक्षात आलं, सळईचं बोंडही कानात बोटासारखंच बसतं. म्हणजे आवाज भिंतीत नव्हताच. ते उठले, तीन मजले भराभर चढून गच्चीपर्यंत गेले आणि धापा टाकत परत आले. हुश्श-हुश्श-हुश्श. आवाजालाही धाप लागली होती.

"माझ्यातच कुठेतरी आहे," ते बायकोला म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या, पण कानाकडे नाही. "उजवा डोळा किती लाल झालाय तुमचा. टाइलची कपची गेली का?"

कपची गेली नव्हती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी डोळे आलेत म्हणून थेंब दिले, आणि रस्त्यात निम्म्या लोकांचे डोळे आलेले असताना कुणीही तेच म्हटलं असतं. काकांनी आवाजाबद्दल सांगितलं, तर कानासाठी वेगळे थेंब मिळाले. आठ दिवस काका दोन्हीकडे थेंब घालत राहिले. लाली हटेना. डोळ्यातून चिकट काही येत नव्हतं, खाज नव्हती, फक्त लाली, आणि डोळा जड. शिवाय आता एक नवीनच प्रकार सुरू झाला. उजवीकडे पाहिलं की एका नळाचे दोन नळ दिसायचे. एका घरी त्यांनी पान्हा लावायला हात नेला तो दोनांतल्या खोट्या नळाकडे, आणि पान्हा बादलीत पडला. त्या दिवसापासून त्यांनी कामं घेणं थांबवलं. डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं, तर सगळं जग वाफ धरलेल्या काचेमागे गेल्यासारखं दिसत होतं. हे मात्र त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

सांगावं लागलंच नाही. नवव्या दिवशी दुपारी ते खिडकीशी आडवे झाले होते. काकू तिथेच बसून कपड्यांना बटणं लावत होत्या. सुईत दोरा ओवायला त्यांनी उजेडाकडे तोंड केलं, तेव्हा बाजूने नवऱ्याचा चेहरा दिसला. उजवा डोळा डाव्यापेक्षा पुढे आला होता. समोरून ते लाल रंगात लपत होतं. बाजूने मात्र पापणीचा उंचवटा स्पष्ट होता. आणि तो हलत होता. वर, खाली, वर, खाली, अगदी थोडासा, दूध उतू जायच्या आधी साय हलते तितकाच. काकूंनी सुई खाली ठेवली. आधी वाटलं, स्वप्न पडत असेल. पण डावी पापणी तर शांत होती. त्यांनी हळूच नवऱ्याचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली. डोळा आणि बोटं, दोन्ही एकाच तालात.

काका जागे झाले. "काय झालं?"

"काही नाही. तुमच्या डोळ्याला नाडी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उठा. आणि थेंब बास झाले. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय, आत्ताच्या आत्ता."

काकांनी आरसा मागितला. बाजूने स्वतःचा डोळा बघणं जमेना, म्हणून त्यांनी न्हाणीघरातला दुसरा आरसा आणवला आणि दोन आरसे कोनात धरून बसले. काकू चपला घालून दारात उभ्या. "अहो, निघायचंय ना?"

"थांब गं. ठोका पडतो तेव्हा पुढे येतो की मागे जातो, एवढं बघू दे."

डोळ्यांच्या डॉक्टरबाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, भरभर बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. डाव्या डोळ्याने काका शेवटच्या ओळीपर्यंत पोचले. उजव्याने तिसरी ओळ जेमतेम. तेव्हा काकूंना पहिल्यांदा कळलं आणि त्यांनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की काका तक्त्याकडेच बघत राहिले. मग डॉक्टरबाईंनी मोठ्या भिंगातून पाहिलं. बुबुळाभोवतीच्या नसा स्क्रूच्या आट्यांसारख्या पिळवटून फुगल्या होत्या, साध्या डोळे येण्यात दिसतात तशा नाही. डोळ्यातला दाब मोजला, तो दुपटीच्या घरात. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत डोक्याला मार?"

"नाही," काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या. "माळ्यावरची टाकी बसवताना स्टुलावरून पडले. कपाळावर चार टाके. पाच आठवडे झाले."

"ते होय. ते बरं झालं की."

"आणि कानात आवाज येतो का?"

काका सरळ बसले. आवाजाबद्दल आपणहून विचारणारं हे पहिलंच माणूस. "येतो. हुश्श, हुश्श. नाडीबरोबर. पण दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही."

"बघू या." डॉक्टरबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि स्टेथोस्कोप छातीवर न ठेवता उजव्या पापणीवर अलगद टेकवला. पंखा बंद करायला लावला. बाहेर थांबलेल्यांना गप्प बसायला सांगितलं. मग श्वास धरून ऐकत राहिल्या. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपण ऐकत असताना भिंतीला कसं वाटत असेल.

"बाई, येतंय का ऐकू?"

"येतंय. चांगलं खणखणीत." त्यांनी स्टेथोस्कोप काकूंच्या कानाला लावला. काकूंनी ऐकलं आणि त्यांचा हात आपोआप नवऱ्याच्या खांद्यावर गेला.

"हेच का हो तुमचं? इतके दिवस?"

"हेच." काका म्हणाले. "म्हणजे माझा कान खोटा नाही."

"कान खोटा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गळती खरी आहे. फक्त भिंत चुकली."

त्यांनी कागद घेतला. डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी, एक लहानशी पोकळी काढली. डोळ्याकडून परत निघालेलं वापरलेलं रक्त या पोकळीत जमा होतं आणि संथपणे खाली जातं, असं सांगितलं. मग त्या पोकळीच्या आतूनच जाणारी एक जाड नळी काढली. ही धमनी, हृदयाकडून मेंदूकडे जोराने जाणारं ताजं रक्त नेणारी.

काका कागदावर वाकले. "ड्रेनेजच्या चेंबरमधून सप्लायचा पाइप नेलाय? असलं काम कोण करतं?"

"करणाऱ्याला आपण विचारू शकत नाही," डॉक्टरबाई हसल्या. "एरवी काही बिघडत नाही. पण डोक्याला मार लागला की कधी कधी तो सप्लायचा पाइप चेंबरच्या आत चिरतो. लगेच कळत नाही. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो."

पुढचं काकांनीच सांगायला सुरुवात केली, बोट कागदावर ठेवून. "म्हणजे प्रेशरचं पाणी ड्रेनेजमध्ये घुसलं. चेंबर तुंबलं. डोळ्याकडून येणाऱ्या लाइनीला पुढे जायला जागाच नाही, उलटं प्रेशर मागे डोळ्यात. म्हणून नसा फुगल्या. म्हणून लाल."

"बरोबर."

"मागे तुंबलं म्हणून डोळा पुढे ढकलला गेला. आणि पंपाचा प्रत्येक दणका आता थेट ड्रेनेजमध्ये बसतो, म्हणून तो उडतो. हुश्श म्हणजे चिरेतून सुटणारं रक्त." ते थांबले. "दोन दोन का दिसतं, ते मात्र बसत नाही यात."

"डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी मज्जातंतूची दोरी त्याच चेंबरमधून जाते. ती दाबली गेलीय."

"वायरिंगही तिथूनच," काका काकूंना म्हणाले, जणू त्या कंत्राटदाराला जाब विचारणार होत्या.

डॉक्टरबाईंनी मग आणखी एक गोष्ट केली. काकांच्या मानेवर उजव्या बाजूला दोन बोटांनी नेमका दाब दिला, मोजून चार-पाच सेकंद. आणि हुश्श थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकांना खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. बोटं काढली, तसं पुन्हा चालू.

"मेन कॉक," काका पुटपुटले.

"हो, आणि तुम्ही त्याला हात लावायचा नाही. ही लाइन मेंदूला जाते. मला कुठे आणि किती दाबायचं हे माहीत आहे, तरी मी क्षणभरच दाबलं. घरी हा प्रयोग केलात तर मी काकूंना सांगेन."

"त्या काय, इथेच बसल्यात," काका म्हणाले.

मग डॉक्टरबाईंचं हसू थांबलं. दाब असाच राहिला तर डोळ्यामागची नजरेची नस सुकत जाईल, त्या म्हणाल्या. जी नजर गेली ती परत येईलच असं नाही. जी उरली आहे ती वाचवायची, तर याच आठवड्यात. डोळ्याला कापाकापी नाही. मांडीच्या सांध्यातून धमनीत एक केसासारखी नळी घालतात, ती पोटातून, छातीतून, मानेतून वर नेतात आणि चिरेपाशी प्लॅटिनमची बारीक तार गुंडाळ्या करून भरतात. धोका अगदीच नाही असं नाही. ही मेंदूची वाट आहे.

काकांनी विचारलं, "मांडीतून? डोक्याची गळती काढायला मांडीतून जायचं?"

"तुम्ही पाचव्या मजल्याचा तुंबारा काढायला कुठून सळी घालता?"

"जिथून सरळ रस्ता मिळेल तिथून," काकांनी कबूल केलं. आणि मग, अगदी हळू, "उजवा डोळा गेला तर मला पाइपाचे आटे दिसणार नाहीत, बाई. कान आहे म्हणून काय झालं? ऐकून फुली मारता येते. पाइप जोडायला डोळेच लागतात."

"म्हणून तर घाई करतेय."

चौथ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात त्यांना टेबलावर घेतलं. तिथले डॉक्टर उंच आणि अबोल होते, सगळं लक्ष पडद्यावर. काकांना पूर्ण झोपवलं नव्हतं, फक्त जागा बधिर केली होती आणि थोडी गुंगी दिली होती. मध्येमध्ये त्यांच्याशी बोलून, हात हलवायला सांगून मेंदू ठीक आहे ना हे तपासायचं होतं. नळी आत कुठे पोचली ते काकांना कळत नव्हतं. रक्तवाहिनीला आतून स्पर्श जाणवत नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. फक्त रंगाचं औषध सोडलं की अर्ध्या चेहऱ्यावरून गरम लाट जायची.

बाकी त्यांच्याकडे आवाज होता. डोळे मिटून ते ऐकत राहिले. पहिली तार गेली तेव्हा हुश्श जरा घोगरं झालं. तिसऱ्या तारेनंतर ते बारीक झालं, नळ जवळजवळ बंद करावा तसं. मग शिट्टीसारखं. आणि मग डॉक्टर म्हणाले, "छान. बंद झालं. चित्र स्वच्छ आहे."

"नाही झालं," टेबलावरून आवाज आला.

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "काय म्हणालात?"

"अजून थोडं झिरपतंय, डॉक्टर. अगदी बारीक. सुईएवढं."

"औषधाच्या गुंगीत असं वाटतं कधी कधी."

"नाडीबरोबर वाटतंय," काका जड जिभेने, पण सावकाश म्हणाले. "गुंगीला नाडी नसते."

डॉक्टरांनी मशीनचा हात फिरवायला सांगितला आणि दुसऱ्या कोनातून पुन्हा रंग सोडला. गरम लाट गेली. पडद्यावर तारांच्या गुंडाळीच्या कडेने धुराची रेघ निघावी तशी एक पुसट धार दिसली. समोरून ती गुंडाळीमागे लपत होती. डॉक्टर "हं" म्हणाले. आणखी एक तार घातली, छोटी.

"आता?" त्यांनी विचारलं. या वेळी पडद्याकडे नाही, काकांकडे बघून.

काकांनी पुरेसा वेळ घेतला. खोलीतलं यंत्र गुणगुणत होतं, कुणाचा तरी बूट फरशीवर घासला, कोपऱ्यात कुणी कागद उलटला. यांच्या मागे काहीच नव्हतं.

"बंद," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, काम चांगलं झालं. आणि जाता जाता विचारलं, "हे करतात काय?"

"भिंतींचं ऐकतात," काकू म्हणाल्या.

डोळा उडायचा लगेच थांबला. मागे जायला दोन आठवडे लागले, लाली जायला महिना. अक्षरांच्या तक्त्यावर उजवा डोळा सहाव्या ओळीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पुढच्या दोन ओळी दिसल्या नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, जे आलं ते आलं, त्या दोनांची आशा धरू नका. थेंबांचे ते आठ दिवस काकांच्या मनात आले असावेत, पण ते फक्त म्हणाले, "आटे पाचव्या ओळीएवढे असतात. चालेल."

दोन दोन दिसणं मात्र सगळ्यात सावकाश हटलं. दाबलेली दोरी हळूहळू जागी होते, दोन-तीन महिने धरा, असं सांगितलं होतं. काकांना नुसतं धरून बसणं कुठलं जमायला? ते रोज सकाळी ठरलेल्या खुर्चीत बसायचे, मान सरळ ठेवायचे आणि समोरच्या खिडकीच्या मधल्या गजाकडे पाहायचे. एव्हाना समोर पाहिलं तरी दोन गज दिसायचे. काकू खिडकीपाशी जाऊन बोट धरायच्या, ते खोट्या गजावर येईपर्यंत काका "डावीकडे, अजून, बास" म्हणायचे आणि त्या दोन गजांमधलं अंतर टेपने मोजायच्या. पहिल्या दिवशी वीतभर. तीन आठवड्यांनी चार बोटं. मग दोन. मग कित्येक दिवस दोनच, आणि काका चिडचिडे झाले, तेव्हा काकूंनी मोजायला नकार देऊन दोन दिवस टेपच लपवून ठेवली.

अकराव्या आठवड्यात एका सकाळी काकू चहा घेऊन दारातून आत आल्या. काका त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

"काय झालं? चहा सांडला का?"

"नाही. आज तू एकटीच आलीस."

काकू कप धरून तशाच उभ्या राहिल्या. मग कप ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं. दोघी होतो तेव्हा एकीलाही कधी बस म्हणाला नाहीत."

"बस," काका म्हणाले.

त्या बसल्या. काकांनी खिडकीकडे पाहिलं. एक गज. मान न हलवता नजर हळूहळू उजवीकडे नेली. कपाट एक, कॅलेंडर एक. अगदी कडेला, दाराच्या कडीपाशी, दोन कड्या.

"तिथे अजून दोन आहेत," ते म्हणाले.

"मग तिकडे बघू नका."

"टेप कुठे ठेवलीस?"

काकूंनी आधी चहा संपवला. मग उठून टेप काढली, दारापाशी गेल्या आणि कडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सांगा. कुठल्या बाजूला?"